ओल्या पाऱ्याची वात

फुगेवाला अशी ओळख दिली की नवा माणूस हटकून विचारायचा, "लाल आहेत का? दोन द्या, घरी पोरं आहेत." त्यावर फुगेवाला गंभीर चेहरा करून सांगायचा, "देतो की. पण आधी घराचं छप्पर उतरवून ठेवा." त्याचा फुगा खरोखरच घरात मावणारा नव्हता. माणसाहून उंच, दुधी पांढरा, गॅसने भरलेला असा एक फुगा तो डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या हवामान चौकीतून रोज पहाटे आभाळात सोडायचा. खाली दोरीला एक छोटी डबी बांधलेली असायची. हवा किती तापलीय, किती ओली आहे, वारा कुठून कुठे चाललाय, ते ही डबी वर जाता जाता खाली कळवत राहायची. एकतीस वर्षं हेच काम चाललं होतं. निवृत्तीला आता आठ महिने उरले होते.

शनिवारी पहाटे फुगा भरताना मात्र त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. नळी सूं करत होती. फुगा आधी जमिनीवर लोळला, मग हळूहळू उठून बसला, मग उभा राहिला. हातमोज्यातून रबर किती ताणलंय ते बोटांना आपोआप कळत होतं, त्यामुळे डोळे मोकळे होते आणि ते सारखे अंगणातल्या पांढऱ्या पेटीकडे जात होते.

चार पायांवर उभी असलेली ती झडपांची पेटी म्हणजे चौकीचं देवघरच. आत तापमापीचे दोन पारे शेजारी शेजारी. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीची वात खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली. ओली चिंधी वाळत राहते, म्हणून तो पारा थंड राहतो. दोन पाऱ्यांत अंतर जास्त तर हवा कोरडी, अंतर कमी तर हवेत पाणी भरलंय असं समजायचं. बाटली रोज बघायची आणि वात दर सोमवारी बदलायची. हे काम फुगेवाल्याचं.

गेल्या सोमवारी त्याने वात बदलली नव्हती. त्या सकाळी मोठे साहेब बदली होऊन गेले आणि चौकीचा कारभार त्याच्या मुलीच्या हातात आला. पारा डोळ्यांच्या रेषेत आणून कसा वाचायचा हे जिला त्याने स्टुलावर उभी करून शिकवलं होतं, ती पोरगी आता साहेबांच्या खुर्चीत बसली. मग हा कशाला जागेवर राहतोय? शिंपी झाला, लोहार झाला, सायकलवाला झाला, सगळ्यांना सांगून झालं. पोस्टात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगून झालं. दिवस मावळला तेव्हा वात पेटीत होती तशीच होती, धुळीने आणि पाण्याच्या क्षाराने कडक झालेली. मंगळवारी, बुधवारी त्याने बाटली पाहिली, भरलेली दिसली, पुढे गेला. भर उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी दोन दिवस उतरत नाही म्हणजे वात पाणी ओढत नाहीये, हे एकतीस वर्षांच्या माणसाला कळायला हवं होतं.

बुधवारी अकराला मुलीने पारे वाचले. ओल्या पाऱ्याची चिंधी कोरडी ठणठणीत, त्यामुळे दोन्ही पारे जवळजवळ एकाच आकड्यावर. म्हणजे हवेत पाणीच पाणी. तिने वादळाचा लाल झेंडा चढवला. झेंडा पाहून वरच्या कुरणातून गवत कापणारे चाळीस जण विळे खांद्याला लावून खाली आले, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये निळ्याशार आभाळाकडे बघत बसले. एक थेंब पडला नाही. त्या चाळीस जणांत फुगेवाल्याची बायकोही होती.

त्या संध्याकाळी तो पेटीपाशी गेला तर आत नवी वात होती. नोंदवहीत मुलीचं टपोरं अक्षर होतं: "ओल्या पाऱ्याची वात कोरडी आढळली. चूक निरीक्षकाची." खाली तिची सही; निरीक्षक म्हणजे ती स्वतःच. त्याने वही मिटली. ती काही बोलली नाही आणि तोही बोलला नाही. गुरुवार, शुक्रवार तसेच गेले. त्याच्या नोकरीच्या कागदांत आजवर एक शेरा नव्हता, आणि त्या कोऱ्या कागदांचा मोह त्याला सुटत नव्हता.

"तयार का?" दारात मुलगी उभी होती. हातात घड्याळ.

"तयार, मॅडम."

फाटकाच्या आत ती मॅडम आणि बाहेर पोरगी, हा नियम त्यानेच सोमवारी काढला होता. तिला हसू यायचं. आज आलं नाही. ती म्हणाली, "सोडा," आणि त्याने हात उघडले. फुगा डोंगराच्या अंगाने सरळ वर गेला, शिखराच्या वर उन्हात आला, आणि मग टाचणीच्या डोक्याएवढा झाला.

तासाभराने तो चहा घेऊन आत गेला तेव्हा ती टेबलावर ओणवी झाली होती. कागदावर वर चढत जाणारी रेघ होती. एका ठिकाणी ती रेघ अचानक उजवीकडे सरकली होती आणि तिचं बोट तिथेच टेकलेलं होतं.

"काय म्हणतोय फुगा?"

"वर गरम, कोरड्या हवेचा थर बसलाय. असा जाड थर मी या उन्हाळ्यात पाहिला नाही."

"मग बरंच की. ढग व्हायचेच नाहीत."

"दुपारपर्यंत होणार नाहीत," ती म्हणाली. "बाबा, चुलीवर दूध ठेवलंय आणि वर घट्ट झाकण आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं निवांत आहे. आज सपाटीकडून वारा फिरला आणि ओली हवा डोंगराशी येऊन तुंबली, तर झाकण दुपारी उडेल. आणि उडेल तेव्हा एकदम उडेल. मला त्याचीच भीती वाटतेय."

फाटकाच्या आत असून ती बाबा म्हणाली होती. त्याने कप ठेवला आणि तो बाहेर आला.

घरी बायको निघायच्या घाईत होती. डबा बांधून झाला होता, विळ्याची धार अंगठ्यावर बघून झाली होती. वरच्या कुरणापासून खाली रस्त्यापर्यंत एक लोखंडी तार ओढलेली होती. गवताच्या पेंढ्या आकड्याला अडकवून तारेवरून खाली सोडायच्या, त्या तारेच्या वरच्या तोंडाशी तिचं काम. टोळीत तिला फुगेवालीच म्हणत.

"आज लाल लागेल असं वाटतंय," तो म्हणाला.

"लागू दे." तिने डोक्याचा रुमाल करकचून बांधला. "मुकादम काय म्हणालाय ते सांगू? म्हणालाय, आता झेंडा बघून उतरायचं नाही. शिखराने दुपारपर्यंत ढगाची टोपी घातली तर उतरायचं, नाही तर नाही. त्याच्या आजाच्या काळापासून असंच बघतात म्हणे."

"आणि तू?"

"मी काय? बुधवारपासून मला पाणी मागितलं तरी बायका म्हणतात, थांब, आधी तुझ्या लेकीला विचार पाऊस येतोय का." तिने डबा उचलून काखेत धरला. "पोरीला मी काही बोलले नाही हो. पण तिने जरा नीट बघायला नको होतं का?"

फुगेवाला चुलीकडे बघत राहिला. आत्ता सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

अकराला त्याने स्वतः मुलीबरोबर पेटी उघडली. वात पांढरी, ओली, टोकापर्यंत चढलेली. बाटलीतलं पाणी सकाळपासून बोटभर उतरलेलं. मुलीने चिंधीला हळूच स्पर्श करून पाहिला, थांबली, पारा वाचला, दोन मिनिटांनी परत वाचला आणि नंतर तिसऱ्यांदा वाचला. दोन्ही पारे जवळ आलेले होते. खांबावरचा वातकुक्कुट सकाळी डोंगराकडे तोंड करून होता, तो आता सपाटीकडे वळला होता. चेहऱ्याला लागणारी हवा कढत आणि चिकट होती, सदरा पाठीला चिकटत होता. वर शिखर मात्र धुतल्यासारखं लख्ख दिसत होतं.

तिने जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन लावला. फुगेवाला दाराशी उभा होता. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बुधवारसारखंच का, बाई? आमच्याकडे सगळीकडे आभाळ स्वच्छ दिसतंय."

"हो सर. म्हणूनच."

"बघा बुवा. एकाच आठवड्यात दोनदा तोंडघशी पडलात तर तुमच्या खुर्चीचं काय, ते मी सांगायला नको."

"अडीच ते तीनच्या दरम्यान, सर. गारा, जोराचा वारा, आणि विजा फार. मी लाल चढवतेय." तिने फोन ठेवला. कानाची पाळी लाल झाली होती, पण आवाज ढळला नव्हता. फुगेवाल्याला एकाएकी तिचा इतका अभिमान वाटला की त्याचे डोळे भरून आले. आणि लगेच स्वतःची लाजही तेवढीच वाटली.

झेंडा चढला. तिने दुर्बीण लावली. वरच्या कुरणात माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती, ओळीने वाकलेली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पेंढ्या तारेवरून एकामागून एक खाली येतच होत्या.

"झेंडा दिसलाय त्यांना," ती म्हणाली. "एक जण उभा राहून इकडे बघत होता. परत वाकला." वर कुरणात फोन लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने दुर्बीण खाली ठेवली, आणि मग जे बोलली ते जवळजवळ स्वतःशीच. "आई तारेपाशी आहे."

चौकीत दोघंच होती. तिला हलता येत नव्हतं, दर अर्ध्या तासाने नोंद घ्यायची होती. फुगेवाल्याने कोपऱ्यातली काठी उचलली.

"गुडघा?" तिने विचारलं.

"गुडघा काय, नोकरीतला आहे. त्यालाही आठ महिनेच काढायचेत."

ती फाटकापर्यंत आली. फाटकाबाहेर पाऊल पडल्यावर तिने त्याचा हात धरला. "बाबा, दोनला तिथून निघायचंच. कुणी आलं नाही तरी तुम्ही आणि आई निघा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका, तार तिथेच उतरते. सरळ इथे या."

सायकल शेडपाशी टाकून तो पायवाटेला लागला. एरवी तासाची चढण. पहिल्या वळणालाच गुडघ्यात कळ आली. वारा पाठीमागून येत होता, पण त्याने घाम वाळत नव्हता. झाडीत एकही पाखरू ओरडत नव्हतं. तो चार पावलं चढायचा, काठीवर भार टाकून उभा राहायचा, वर शिखराकडे बघायचा. शिखर उघडं बोडकं. इतक्या वर्षांचा अनुभव त्याला सांगत होता की आज काही होत नाही. त्याने अनुभवाला गप्प बस म्हटलं आणि चालत राहिला. कुरणाच्या कडेला पोचला तेव्हा सव्वा वाजून गेला होता आणि तोंडाला कोरड पडली होती.

कुरण मोठं होतं, उतरतं आणि मोकळं. अर्धं कापून झालेलं, अर्धं कमरेएवढं उभं. विळ्यांचा करकर आवाज एका लयीत चालला होता. दोन दिवस वाळलेलं गवत दाताळ्यांनी ओढून त्याच्या पेंढ्या बांधत होते. मधोमध एकच उंच झाड होतं, त्याच्या सावलीत सगळ्यांचे डबे आणि ओलं फडकं गुंडाळलेले पाण्याचे माठ. जवळच तारेचा खांब. त्याची बायको एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने पेंढीला आकडा लावत होती.

"या या!" मुकादम लांबूनच ओरडला. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला माणूस होता तो. वाईट नव्हता. बुधवारी झेंडा दिसताच सगळ्यांना पहिल्यांदा त्यानेच उठवलं होतं. "काय फुगेवाले, आज निरोप फुग्याने न पाठवता स्वतःच आलात?"

हशा पिकला. फुगेवाला तारेपाशी येऊन टेकला. श्वास पुरत नव्हता.

"मुकादम, खाली चला. तीनच्या आत मोठं वादळ आहे."

"वर बघा." मुकादमाने विळा शिखराकडे केला. "टोपी आहे? ठिपका तरी आहे? आणि समजा आहे वादळ. मग हे वाळलेलं गवत भिजू द्यायचं? पाऊस येणार असेल तर उलट हात उचलायला पाहिजेत. चला रे, पेंढ्या!"

"मुकादम, बुधवारची चूक माझी होती."

पेंढी नेमकी त्याच वेळी सुटली आणि तारेवरून घर्र करत खाली गेली. कुणाला काही ऐकू आलं नाही. एवढा जीव एकवटून बोललेलं वाक्य वाया गेलं. त्याला वाटलं, चला, बोलून झालं, आता राहू द्यावं. पण बायको त्याच्याकडे बघत होती. तिला ओठ हललेले दिसले होते.

"काय म्हणालात?"

तो एका पेंढीवर चढून उभा राहिला. काठी पेंढीत रोवली.

"बुधवारची चूक माझी होती!" या वेळी तो इतक्या जोराने ओरडला की विळे थांबले. "पोरगी चुकली नाही. पाऱ्याला ओली वात लावायची असते. ती दर सोमवारी मी बदलायची. मी बदलली नाही. बाजारात फुशारक्या मारत हिंडत होतो, माझी मुलगी साहेब झाली म्हणून. वात वाळली, पारा खोटं बोलला, आणि तिने ते खरं धरलं. तिने धरायलाच पाहिजे होतं. नंतर तिला कळलं, तरी तिने सगळं स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं."

एका म्हाताऱ्या कापणारीने विचारलं, "वात म्हणजे काय हो?"

"तुमच्या माठाला फडकं गुंडाळलंय ना? ओलं असलं की पाणी गार."

"बरोबर."

"फडकं वाळलं तर?"

"वाळलं तर कढत पाणी प्या." म्हातारी हसली आणि मग एकदम हसायची थांबली. "अगं बाई. म्हणजे फडकंच वाळलं होतं!"

ते मात्र सगळ्यांना एका क्षणात कळलं. फडकं ओलं करायला विसरणं म्हणजे काय, हे कुरणात दरेकाने भोगलेलं होतं. मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला.

"आणि आज? आज वात कोणी बघितली?"

"तिनेच लावली, आज मी डोळ्यांनी पाहिली, आणि पारा तिने तीनदा वाचला. ती म्हणते, आज शिखर टोपी घालणारच नाही. घट्ट झाकणाखाली दूध तापतंय. दिसेल तेव्हा उतू गेलेलंच दिसेल. तिकडे जिल्ह्याचे साहेब तिला नोकरीची भीती घालत होते. तरी झेंडा तिने चढवला, मुकादम. मी दारात उभा राहून ऐकलंय."

मुकादम कधी आभाळाकडे, कधी पेंढ्यांकडे बघत होता. तेवढ्यात फुगेवालीने हातातला आकडा जमिनीवर फेकला. खण्णकन आवाज आला.

"चार दिवस!" ती नवऱ्याला म्हणाली. "चार दिवस पोरगी ताटावर मान खाली घालून जेवतेय, आणि तुम्ही शेजारी बसून दुसऱ्यांदा वाढून घेताय! आणि मी, मी मेली आई असून तिला म्हणते की नीट बघायला नको होतं का!" तिने विळा उचलला, डबा उचलला. "माझं आवरलं. ज्याला थांबायचंय त्याने तारेला मिठी मारून खुशाल थांबावं."

ती वाटेला लागली. म्हातारी तिच्या मागे गेली. मग चौघी-पाचजणी. मग दाताळी पडायला लागली. मुकादमाने एक शिवी हासडली, ती नक्की कुणाला हे कळलं नाही, आणि तो ओरडला, "सगळे! पेंढ्या राहू द्या! ओळीने उतरा!" दोघं जण पलीकडच्या घळीत कापत होते. त्यांना आणायला तो स्वतः पळत गेला.

उतरताना फुगेवाल्याचा गुडघा चढणीपेक्षा जास्त दुखत होता, आणि बायकोचं तोंड त्याहून जास्त चाललं होतं. तिने लग्नापासूनचे सगळे विसराळूपणे काढले. पण वाट निसरडी आली तेव्हा न बोलता त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि पुढचं बोलणं तसंच चालू ठेवलं.

दोन वाजून गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "ते बघा." शिखराच्या मागून एक पांढरी गाठ वर आली होती, मुठीएवढी. पुढच्या वळणापर्यंत ती शिखराएवढी झाली. त्याच्या पुढच्या वळणावर शिखर दिसेनासंच झालं. ढग फुगत फुगत उभा चढत होता, वरचं टोक सपाट होऊन सपाटीच्या दिशेने पसरत होतं, आणि बुड जांभळं, काळं होत चाललं होतं. टोपी वगैरे काही नाही. ऊन गेलं. दुपारभर सपाटीकडून येणारा वारा थांबला आणि क्षणभर एकही पान हललं नाही. मग पाठीमागून, डोंगरावरून, गार वाऱ्याचा लोट अंगावर आला.

"पळा!" मागून मुकादमाचा आवाज आला. तो घळीतल्या दोघांना घेऊन पोचला होता.

शेडपाशी काही जण सवयीने आत वळले. फुगेवाल्याने काठी आडवी धरली. "इथे नाही. चौकीवर. तिने सांगितलंय." या वेळी कुणी का म्हणून विचारलं नाही.

चौकीच्या फाटकात मुलगी उभी होती, दोन्ही दारं सताड उघडी टाकून. "आत, आत. खिडकीपासून लांब बसा. तारेला, नळाला कुणी हात लावू नका." दोन खोल्यांत चाळीस माणसं कोंबली गेली. टेबलांखाली, कपाटांमध्ये, नकाशांना पाठ टेकून. खोलीभर गवताचा आणि घामाचा वास भरला. मुकादम दारात उभा राहून बोट नाचवत मोजत होता. शेवटचा आकडा बरोबर आला तेव्हा तो मटकन खाली बसला. मुलीने गर्दीत आईला शोधलं, एकदा पाहिलं, आणि घड्याळ बघून वहीत लिहिलं: दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.

पहिली गार फाटकावर वाजली. मग छपरावर असा आवाज सुरू झाला की बोलणं खुंटलं. लिंबाएवढ्या गारा अंगणात उसळत होत्या. झडपांच्या पेटीची एक झडप मोडून पडली. वारा दारावर धडका देत होता, चार जणांनी खांदे लावून दार धरलं. मुलगी टेबलाशी उभी राहून लिहीत होती. वाऱ्याचा वेग, दाब, गारांचा आकार, वेळ. फुगेवाला तिच्या हाताकडे बघत राहिला. एवढ्या गदारोळात अक्षर तसंच टपोरं, रेघेवर बसलेलं होतं.

आणि मग वर कुरणात वीज पडली. खिडकीतून सगळ्यांना दिसली. ते एकटं झाड आणि तारेचा खांब क्षणभर पांढरे झाले, आणि निळसर जाळ तारेवरून सरसरत रस्त्यापर्यंत खाली आला. पत्र्याच्या शेडमधून ठिणग्यांचा झोत उडाला. मागोमाग आवाज आला आणि खिडकीच्या काचा खणखणल्या.

फुगेवाली आपला उजवा तळहात उघडून बघत होती. तार धरून धरून त्याच्यावर काळा पट्टा उमटला होता. ती उठली, माणसांच्या पायांवरून वाट काढत लेकीपाशी गेली आणि तो हात तिच्या गालाला लावला. गालावर काळं लागलं. दोघींनीही ते पुसलं नाही.

तासाभराने पाऊस ओसरला. गवत गेलं होतं, दोन दिवसांचं काम चिखलात गेलं होतं. मुकादम टेबलापाशी आला. एरवी मोकळ्या माळावर बोलणारा माणूस, खोलीत त्याला आवाजाचा अंदाज येईना. तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, उद्याचं काय?"

"उद्या सकाळी फुगा वर गेला की सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना बायकोने फुगेवाल्याच्या हातात एक चिंधी ठेवली. तिच्या जुन्या रुमालाची मलमल, धुऊन धुऊन मऊ झालेली, रात्री उकळून सुकवलेली. "हिला पाणी लगेच चढेल," ती म्हणाली. "आणि रविवार असला तरी आजच बदला. सोमवारचा भरवसा मला नाही."

फुगा सोडल्यावर त्याने मोडकी झडप दोरीने बांधली, वात बदलली आणि तो तिथेच उभा राहिला. ओल हळूहळू चिंधीवर चढली, पाऱ्याच्या टोकाला पोचली. ते डोळ्यांनी पाहिल्यावरच तो आत गेला. टेबलावरची नोंदवही घेऊन त्याने बुधवारचं पान काढलं. मुलीच्या ओळीखाली त्याने आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "वात सोमवारी मी बदलली नव्हती. चूक माझी." आणि सही केली. एकतीस वर्षांत नोंदवहीत त्याची ही पहिलीच सही होती.

मुलीने वाचलं. "बाबा, हे वर जाईल. आठ महिने राहिलेत. तुमच्या कागदांवर शेरा येईल."

"येऊ दे, मॅडम. जे घडलं तेच लिहायचं, हे तुम्हाला स्टुलावर उभं करून कुणी शिकवलं?"

तिने त्याच्या सहीशेजारी आपली सही केली आणि वही मिटली. कोपऱ्यातली झेंड्यांची पेटी उघडून तिने पांढरा झेंडा काढला. आज दिवस साधा होता. थर नव्हता, वारा डोंगरावरून येत होता. ती बाहेर आली आणि खांबापाशी थबकली.

खाली रस्त्यावर, जळक्या शेडपाशी, टोळी उभी होती. एरवी या वेळेला ते सगळे अर्धी चढण चढून गेलेले असायचे, झेंडा चढेपर्यंत कुणी थांबत नसे. आज चाळीसच्या चाळीस जण विळे खाली ठेवून उभे होते. पुढे मुकादम, त्याच्या शेजारी फुगेवाली. शिखर सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होतं, पण तिकडे कुणाची नजर नव्हती. सगळ्यांची तोंडं चौकीच्या खांबाकडे होती.

मुलीने झेंडा दोरीला लावला. काल गारांच्या माऱ्यात एक रेघही न चुकलेल्या तिच्या हातून आज गाठ दोनदा सुटली. फुगेवाल्याने पुढे होऊन झेंड्याला गाठ मारली, ओढून पक्की आहे ना ते पाहिलं आणि दोरी परत तिच्या हातात दिली.

"चढवा, मॅडम," तो म्हणाला. "लोक थांबलेत."